गिरणगावातील रक्तक्षय आणि ल्यूसी विल्स

पनवेल सोडून जुन्या मुंबई-पुणे महामार्गाला लागले, की पळस्पे फाट्यावर एक रस्ता गोव्याकडे वळतो. तो सोडून पुण्याच्या दिशेने थोडे पुढे गेले की कोन हे गाव येते. भाताच्या खाचरांमधले हे गाव आता दुरूनच दिसणाऱ्या उंच इमारतींमुळे ओळखले जाते. मुंबई महानगर प्रदेश विकास प्राधिकरणाच्या भाडेतत्त्वावरील गृहयोजनेतल्या येथील २,४१७ घरांची सोडत म्हाडाने डिसेंबर २०१६ मध्ये गिरणी कामगार व त्यांच्या वारसांसाठी काढली. सोडतीत नाव लागूनही प्रत्यक्ष ताब्यासाठी या मंडळींना वर्षानुवर्षे थांबावे लागले. मध्यंतरी करोनाची साथ आली आणि याच इमारतींत विलगीकरणाच्या खाटा पडल्या. १८ जानेवारी १९८२ रोजी मुंबईतल्या गिरण्या संपाने थंडावल्या, तेव्हा जो कामगार पंचविशीत होता, तो आज सत्तरीच्या घरात आहे. गिरणगावातून हाती आलेले घर त्याला मिळाले ते अशा वयात, जेव्हा जिना चढताना कठड्याचा आधार लागतो.

या वयातल्या माणसाचे वजन आपोआप उतरू लागले, चाल मंदावली, पिशवी उचलताना मूठ सैल पडू लागली, की घरातले आणि पुष्कळदा दवाखान्यातलेही एकच निदान करतात. वय झाले. या दोन शब्दांपुढे चौकशी थांबते. वास्तविक, त्या माणसाच्या रक्तात या अशक्तपणाच्या कितीतरी खुणा उमटलेल्या असतात आणि त्यांतल्या काही तर उपचाराने पुसता येण्याजोग्या असतात. शंभर वर्षांपूर्वी याच गिरणगावात दुसऱ्या एका अशक्तपणाबद्दल असेच बोलले जात असे. गिरणीत काम करणारी बाई गरोदरपणी पांढरीफटक पडे, तिला धाप लागे, पाय सुजत आणि बाळंतपणाच्या आगेमागे ती दगावे. बाईचा जन्म, गरिबी, नशीब अशी त्याची कारणे सांगितली जात. ही कारणे न मानता त्या बायांचे रक्त सूक्ष्मदर्शकाखाली घेऊन बसणारी एक इंग्रज डॉक्टर १९२८ मध्ये परळला आली. तिचे नाव ल्यूसी विल्स. फोलिक अॅसिड या आज घरोघरी पोहोचलेल्या जीवनसत्त्वाच्या इतिहासाचे पहिले पान या बाईंच्या नावावर आहे, आणि ते पान मुंबईत लिहिले गेले.

ल्यूसी विल्स यांचा जन्म १० मे १८८८ रोजी इंग्लंडमध्ये बर्मिंगहॅमजवळच्या सटन कोल्डफील्ड येथे झाला. घराणे सुखवस्तू आणि विज्ञानाची आवड असलेले. पणजोबा बर्मिंगहॅमचे नावाजलेले वकील, वडील विज्ञानाचे पदवीधर, आईचे वडील शहरातले प्रसिद्ध डॉक्टर. भाऊ लेनर्ड पुढे बर्मिंगहॅम विद्यापीठात भूगर्भशास्त्राचा प्राध्यापक झाला. मुलींना शिकवण्याबाबत या घरात खळखळ नव्हती. चेल्टनहॅमच्या मुलींच्या विद्यालयातून १९०७ साली ल्यूसी केंब्रिजच्या न्यूनहॅम कॉलेजात दाखल झाल्या आणि वनस्पतिशास्त्र व भूगर्भशास्त्र हे विषय त्यांनी घेतले. १९११ मध्ये त्या शेवटची परीक्षा उत्तीर्ण झाल्या, पण पदवी मिळाली नाही. केंब्रिज विद्यापीठ स्त्रियांना परीक्षेला बसू देई, वर्गवारीही जाहीर करी, पदवी मात्र देत नसे. ती द्यायला या विद्यापीठाला १९४८ साल उजाडले. तोवर बाई निवृत्तही झाल्या होत्या.

१९११ सालीच वडील गेले, दोन वर्षांनी बहीण एडिथ अवघ्या सव्विसाव्या वर्षी गेली. त्यानंतरचा काळ ल्यूसीबाईंनी प्रवासात घालवला. आईबरोबर त्या सिलोनला गेल्या, १९१४ मध्ये भावासोबत दक्षिण आफ्रिकेला. पहिले महायुद्ध सुरू झाले तेव्हा त्या तेथेच होत्या आणि केपटाउनमध्ये त्यांनी स्वयंसेवी परिचारिकेचे काम केले. तोवर वनस्पतींत आणि खडकांत रमलेल्या या तरुणीने इंग्लंडला परतताच, जानेवारी १९१५ मध्ये, लंडनच्या स्त्रियांसाठीच्या वैद्यकीय विद्यालयात नाव घातले. १८७४ मध्ये निघालेले हे विद्यालय डॉक्टर होऊ पाहणाऱ्या स्त्रियांचे ब्रिटनमधले पहिले आश्रयस्थान होते. १९२० मध्ये, वयाच्या बत्तिसाव्या वर्षी, त्या डॉक्टर झाल्या. मात्र रुग्ण तपासणीचा व्यवसाय त्यांनी थाटला नाही. रॉयल फ्री रुग्णालयाच्या प्रयोगशाळेत गरोदर स्त्रियांच्या शरीरातील रासायनिक घडामोडींवर त्या काम करू लागल्या. पुढच्या आयुष्याची दिशा तेथेच ठरली.

मुंबईला त्यांना बोलावले ते डॉ. मार्गारेट बाल्फोर यांनी. हिंदुस्थानातील बाळंतिणींच्या मृत्यूंची चौकशी इंडियन रिसर्च फंड असोसिएशनने हाती घेतली होती आणि गरोदरपणातील रक्तक्षयाचा भाग कोणातरी जाणत्या संशोधकाकडे सोपवायचा होता. कामाची जागा होती परळची हाफकिन संस्था. एके काळी गव्हर्नरसाहेबांचा निवास असलेल्या या वास्तूत १८९९ पासून प्लेगच्या लसीची प्रयोगशाळा होती आणि १९२५ मध्ये तिला वाल्डेमार हाफकिन यांचे नाव मिळाले होते. बाईंचे वय तेव्हा चाळीस. अविवाहित, स्वतंत्र वृत्तीच्या, कामाला वाघ.

त्या आल्या ते वर्षही साधे नव्हते. १९२८ च्या एप्रिलपासून सहा महिने मुंबईच्या गिरण्या संपामुळे बंद होत्या. गिरण्यांमध्ये त्या काळी दर पाच कामगारांमागे साधारण एक बाई असे, बहुतेक सुताच्या गुंड्या आणि बॉबिनी भरणाऱ्या खात्यांत. गरोदर कामगार स्त्रीला थोडी रजा आणि थोडा भत्ता देणारा कायदा मुंबई इलाख्यात १९२९ मध्ये झाला. डॉ. बाबासाहेब आंबेडकरांनी मुंबईच्या विधिमंडळात त्या विधेयकाचा पुरस्कार केला होता. गिरणगावातल्या बाईच्या देहाची दखल कायद्याने आणि विज्ञानाने घ्यावी, असा हा काळ होता. दोन्ही एकाच वेळी घडावे हा योगायोग असेल. पण इतिहासकारांनी त्याकडे फारसे पाहिलेले दिसत नाही.

रोग कोणता, हा पहिला प्रश्न होता. बायांच्या रक्तात तांबड्या पेशी फार कमी, आणि उरलेल्या पेशी आकाराने नेहमीपेक्षा मोठ्या. हे चित्र डॉक्टरांच्या ओळखीचे होते. पर्निशस अॅनिमिया या नावाने प्रसिद्ध असलेल्या, मुख्यतः उतारवयात होणाऱ्या जीवघेण्या रक्तक्षयात रक्त असेच दिसते. म्हणून मुंबईतल्या या दुखण्यालाही गरोदरपणातला पर्निशस अॅनिमिया म्हटले जाई. ल्यूसीबाईंनी हे नाव तपासून पाहायचे ठरवले. खऱ्या पर्निशस अॅनिमियात जठरात आम्ल तयार होत नाही. या बायांच्या जठरात मात्र आम्ल होते. म्हणजे सूक्ष्मदर्शकाखाली दोन्ही रक्ते सारखी दिसत असली, तरी रोग एक नव्हता. बाईंच्या सगळ्या पुढच्या कामाचा पाया या एका फरकावर उभा आहे.

दुसरा प्रश्न ताटाचा. मग बाई वस्तीत उतरल्या. डॉ. एस. एन. तळपदे यांच्या सहकार्याने त्यांनी मुंबईतील निरनिराळ्या थरांतल्या स्त्रियांच्या आहाराची आणि राहणीची पाहणी केली व ती १९३० मध्ये प्रसिद्ध केली. कोण काय खाते, भाजीपाला किती, दूध किती, फळ कधी, घर कसे, उजेड किती, अशी ती पाहणी होती. तिच्यातून दिसले ते असे, की जिच्या ताटात भाजी, फळे आणि दूध जवळजवळ नाही तिला हा रक्तक्षय अधिक. गरीब मुसलमान बायांचा आहार सर्वांत निकस होता आणि आजारही त्यांच्यातच सर्वाधिक. दोष धर्माचा नव्हता, ताटाचा होता. आजारी माणसाला औषध देण्याआधी त्याच्या स्वयंपाकघरात डोकावण्याची ही रीत आज कोणी पोषणशास्त्राचा विद्यार्थी शिकत असेल, तर तिचा एक उत्तम नमुना त्याला परळच्या चाळींत सापडेल.

तिसरा टप्पा प्राण्यांचा. तोच निकस आहार पांढऱ्या उंदरांना दिला, तेव्हा त्यांनाही रक्तक्षय झाला आणि गाभण माद्या विण्याआधीच मेल्या. आहारात यीस्ट मिसळले की उंदीर वाचत. येथवर सारे सरळ वाटले. पण पुढे लक्षात आले, की उंदरांच्या अंगावरच्या उवांमधून एक जंतुसंसर्ग त्यांना होत होता आणि रक्तक्षयाचा काही भाग त्या संसर्गाचा होता. निष्कर्ष डागाळले. दुसरा कोणी संशोधक असता, तर उवांचा उल्लेख तळटीपेत टाकून पुढे गेला असता. बाईंनी प्रयोग पुन्हा केले, या वेळी माकडांवर. बिलिमोरिया यांच्यासह माकडांवरचे ते काम १९३२ मध्ये प्रसिद्ध झाले. याच वर्षांत त्या कुन्नूरच्या पाश्चर संस्थेत, रॉबर्ट मॅककॅरिसन यांच्या पोषण संशोधन विभागात काम करून आल्या. १९३१ च्या आरंभी मद्रासच्या कास्ट अँड गोशा रुग्णालयात होत्या. उन्हाळ्यात काही महिने लंडनला जायचे, रॉयल फ्रीच्या प्रयोगशाळेत काम करायचे आणि पुन्हा बोटीने मुंबई गाठायची, असा क्रम होता.

यीस्ट माणसांना कसे द्यायचे? बाजारात मार्माइट नावाचा पदार्थ मिळत होता. बियर गाळून उरलेल्या यीस्टपासून इंग्लंडमध्ये १९०२ पासून बनणारा हा काळा, चिकट, खारट लेप इंग्रज लोक पावाला लावून खात, आजही खातात. ल्यूसीबाईंनी तो आजारी बायांना द्यायला सुरुवात केली. परिणाम थक्क करणारा होता. काही दिवसांतच रक्तात नव्या, कोवळ्या तांबड्या पेशींची लाट येई. भूक परते, धाप कमी होई. रक्तक्षयावर यकृताचा अर्क हा उपाय अमेरिकेतल्या मायनट आणि मर्फी यांनी १९२६ मध्ये सांगितला होता आणि त्यांना त्यासाठी १९३४ मध्ये नोबेल पारितोषिकही मिळाले. पण यकृताचा अर्क महाग. यीस्टची बरणी त्यामानाने स्वस्त. बाईंचा निबंध २० जून १९३१ रोजी ब्रिटिश मेडिकल जर्नलमध्ये छापून आला आणि मुंबईच्या गरीब बायांचे दुखणे जगभरच्या डॉक्टरांच्या टेबलावर गेले.

यीस्टमध्ये असे काय होते, हे बाईंना सांगता येत नव्हते. मात्र ते काय नव्हते, हे त्यांनी दाखवून दिले. पर्निशस अॅनिमियावर गुणकारी ठरलेला यकृताचा शुद्ध केलेला अर्क या बायांना लागू पडत नसे. कच्चा, अशुद्ध अर्क मात्र लागू पडे. म्हणजे शुद्धीकरण करताना जे काहीतरी गाळून फेकले जात होते, त्यातच या दुखण्याचे औषध होते. या अनाम द्रव्याला लोक विल्स फॅक्टर म्हणू लागले. १९३३ मध्ये त्या लंडनला कायमच्या परतल्या, तरी धागा सुटला नव्हता. नोव्हेंबर १९३७ मध्ये दहा आठवड्यांसाठी त्या पुन्हा हाफकिनमध्ये आल्या. या वेळी बोटीऐवजी कॅलिप्सो नावाच्या उडत्या नौकेने साउदॅम्प्टनहून निघाल्या आणि पाण्यावर उतरत, पुन्हा उडत पाच दिवसांत कराचीला पोहोचल्या. तेथून पुढे मुंबईपर्यंत समुद्रमार्गे. विमानप्रवास ही तेव्हा धाडसी श्रीमंतांची चैन होती. पन्नाशीला टेकलेल्या या डॉक्टरबाईंना प्रयोगशाळेत लवकर पोहोचायचे होते.

विल्स फॅक्टरची ओळख पुढे इतरांनी पटवली. १९४१ मध्ये अमेरिकेत टेक्सास येथे काही टन पालकाची पाने उकळून एक द्रव्य वेगळे काढण्यात आले. लॅटिनमध्ये पानाला जो शब्द आहे त्यावरून त्याचे नाव फोलिक अॅसिड पडले. १९४५ मध्ये लेडर्ले प्रयोगशाळेत ते कृत्रिमरीत्या तयार झाले. त्या प्रयोगशाळेतील संशोधनाचे प्रमुख होते आंध्रातल्या भीमावरमचे यल्लाप्रगडा सुब्बाराव. परळच्या चाळीत लागलेला शोध असा एका भारतीयाच्या देखरेखीखाली गोळीच्या रूपात आला. पेशीला दोन भागांत विभागायचे तर आपल्या गुणसूत्रांची नक्कल करावी लागते आणि त्यासाठी फोलिक अॅसिड लागते. ते नसले की अस्थिमज्जेतली पेशी वाढत राहते पण विभागत नाही. म्हणून पेशी थोड्या आणि थोराड. ल्यूसीबाईंना सूक्ष्मदर्शकाखाली दिसलेल्या मोठ्या पेशींचे कोडे येथे उलगडले. १९४८ मध्ये बी-१२ हे जीवनसत्त्व वेगळे काढले गेले आणि शुद्ध यकृत अर्कातले औषध ते होते, हेही कळले. दोन रक्तक्षय, दोन जीवनसत्त्वे. बाईंनी रेखलेली सीमारेषा बरोबर जागी होती.

याच रेषेवर आज आपली म्हातारी माणसे उभी आहेत. रक्ततपासणीच्या अहवालात हिमोग्लोबिनच्या खाली एमसीव्ही म्हणून एक आकडा छापलेला असतो. तो तांबड्या पेशीचा सरासरी आकार. सर्वसाधारणपणे तो शंभराच्या वर गेला, की पेशी मोठ्या झाल्या असे समजतात आणि बी-१२ व फोलेट यांची चौकशी करायची असते. घरी येणाऱ्या अहवालात हा आकडा कितीजण पाहतात, हा प्रश्न निराळा.

वार्धक्यातल्या दुर्बलतेला डॉक्टर फ्रेल्टी म्हणतात. केवळ वय वाढणे म्हणजे ही दुर्बलता नव्हे. अमेरिकेतल्या लिंडा फ्राइड आणि सहकाऱ्यांनी २००१ मध्ये तिच्या पाच खुणा ठरवून दिल्या. कारण नसता वजन उतरणे, सततचा थकवा, मुठीची पकड ढिली पडणे, चाल मंदावणे आणि हालचाल कमी होणे. यांतल्या तीन वा अधिक असतील, तर तो माणूस दुर्बल. असा माणूस साध्या तापाने, एखाद्या पडण्याने खाटेला खिळतो आणि पुन्हा उठणे त्याला जड जाते. मग प्रश्न आला, की ही दुर्बलता रक्तात आधी दिसते का? गेल्या पंचवीस वर्षांत त्यावर पुष्कळ काम झाले आहे. दुर्बल वृद्धांच्या रक्तात हिमोग्लोबिन कमी आढळते, अल्ब्युमिन हे प्रथिन कमी आढळते, ड जीवनसत्त्व कमी आढळते. उलट सीआरपी आणि इंटरल्यूकिन-६ ही दाहाची चिन्हे वाढलेली असतात. दाह म्हणजे येथे जखमेची लाली नव्हे, तर शरीरात मंद धुमसत राहिलेली आग. या आगीत स्नायूंतली प्रथिने झिजतात. तिच्यामुळे यकृत हेप्सिडिन नावाचे संप्रेरक अधिक सोडते, त्याने शरीरातले लोह कोठारात कोंडले जाते आणि पोटात लोह असूनही रक्ताला मिळत नाही. अशा म्हाताऱ्याला लोहाच्या गोळ्या कितीही दिल्या, तरी उपयोग थोडाच.

येथे ल्यूसीबाईंची शिस्त आठवते. हिमोग्लोबिन कमी आहे एवढ्यावर थांबायचे नाही, ते कोणत्या वाटेने कमी झाले ते शोधायचे. अमेरिकेतल्या एका राष्ट्रीय पाहणीचा २००४ मध्ये प्रसिद्ध झालेला निष्कर्ष असा, की पासष्टीपुढच्या दर दहांपैकी साधारण एकाला रक्तक्षय असतो. त्यांतल्या एक तृतीयांश लोकांत तो लोह, फोलेट वा बी-१२ यांच्या कमतरतेमुळे असतो, एक तृतीयांशांत मूत्रपिंडाच्या विकारामुळे किंवा दीर्घ दाहामुळे आणि उरलेल्या एक तृतीयांशांत कारण सापडत नाही. पहिला तृतीयांश महत्त्वाचा, कारण तो औषधाने आणि आहाराने बरा होण्याजोगा आहे. उरलेल्यांबाबत मात्र प्रामाणिकपणे सांगितले पाहिजे. रक्तातली खूण आणि दुर्बलता यांचे नाते पुष्कळदा सोबतीचे असते, कार्यकारणाचे असतेच असे नाही. सीआरपी वाढलेला दिसला म्हणून माणूस दुर्बल ठरत नाही आणि तो उतरवला म्हणून मुठीत बळ येत नाही. एकाच रक्ततपासणीत म्हातारपण मोजून देण्याच्या जाहिराती करणाऱ्यांपासून सावध राहिलेले बरे. पकड, चाल आणि खुर्चीतून उठण्याची क्षमता यांची साधी परीक्षा अजूनही अधिक खरे बोलते.

आपल्याकडे बी-१२ चा प्रश्न तर विशेषच आहे. पुण्याच्या केईएम रुग्णालयातील डॉ. चित्तरंजन याज्ञिक आणि सहकाऱ्यांनी २००६ मध्ये प्रसिद्ध केलेल्या पाहणीत ग्रामीण भागातील, झोपडपट्टीतील आणि शहरी मध्यमवर्गातील मध्यमवयीन पुरुषांपैकी सुमारे दोन तृतीयांशांत हे जीवनसत्त्व कमी आढळले. हे पुरुष मध्यमवयीन होते. पुढे वय वाढते तसे जठरातले आम्ल घटते आणि अन्नातून बी-१२ सुटे होणे कठीण जाते. त्यात मधुमेहासाठी वर्षानुवर्षे मेटफॉर्मिन आणि आम्लपित्तासाठी रोजची गोळी चालू असेल, तर शोषण आणखी घटते. आणि यातला खरा धोका असा, की बी-१२ कमी असताना नुसते फोलिक अॅसिड घेतले तर रक्त सुधारल्यासारखे दिसते, पण मज्जातंतूंची हानी आतून चालूच राहते. पायांना मुंग्या येतात, तोल जातो, विस्मरण होते, आणि घरचे म्हणतात वय झाले. म्हणून म्हाताऱ्या माणसाने दुकानातून आणलेली फोलिक अॅसिडची गोळी डॉक्टरांना न विचारता सुरू करू नये. बी-१२ तपासल्यावाचून तर नाहीच.

सरकारी पातळीवर गरोदर मातांसाठी लोह आणि फोलिक अॅसिडच्या गोळ्या कधीच सुरू झाल्या. १९२८ च्या परळचे ऋण त्या गोळीत आहे. २०१८ मध्ये आलेल्या अॅनिमिया मुक्त भारत कार्यक्रमाने सहा गट निश्चित केले. त्यांत बालके आहेत, किशोरवयीन मुले-मुली आहेत, प्रजननक्षम वयातल्या स्त्रिया, गरोदर आणि स्तनदा माता आहेत. वृद्ध नाहीत. देवनारच्या आंतरराष्ट्रीय लोकसंख्या विज्ञान संस्थेने हार्वर्ड आणि दक्षिण कॅलिफोर्निया विद्यापीठांच्या साथीने पंचेचाळीस वर्षांवरील बहात्तर हजारांहून अधिक भारतीयांची जी मोठी पाहणी २०१७ मध्ये सुरू केली, तिच्यात मुठीची पकड मोजली गेली, चाल मोजली गेली, बोटातून रक्ताचे थेंबही घेतले गेले. म्हणजे मोजण्याची साधने देशात आहेत. मोजलेल्याचे पुढे काय करायचे, याची योजना वृद्धांच्या वाट्याला अजून पुरेशी आलेली नाही. कोनसारख्या वसाहतीत, परळचे केईएम आणि टाटा रुग्णालय जवळ असण्याची सवय झालेली माणसे उतारवयात राहायला जातात, तेव्हा ही उणीव अधिक जाणवते.

ल्यूसीबाईंचे स्वतःचे उतारवय मात्र दुर्बलतेच्या कोणत्याही व्याख्येत बसणारे नव्हते. दुसऱ्या महायुद्धात त्या आपत्कालीन वैद्यकीय सेवेत पूर्णवेळ पॅथॉलॉजिस्ट होत्या. जुलै १९४४ मध्ये रॉयल फ्री रुग्णालयावर जर्मन उडता बॉम्ब आदळला, माणसे दगावली, प्रयोगशाळेचे काम काही दिवस विस्कळीत झाले आणि पुन्हा सुरू झाले. युद्ध संपेतो त्या रुग्णालयाच्या पॅथॉलॉजी विभागाच्या प्रमुख झाल्या होत्या आणि तेथील पहिला रक्तविज्ञान विभागही त्यांनी उभा केला होता. लंडनच्या रस्त्यांवरून कामावर जायला त्या सायकल वापरत. डोंगर चढणे आणि बर्फावरून स्कीइंग करत लांबचे पल्ले गाठणे हे छंद. १९४७ मध्ये त्या निवृत्त झाल्या आणि नंतर जमैका, फिजी, दक्षिण आफ्रिका येथे जाऊन गरिबांचा आहार आणि रक्तक्षय यांचा अभ्यास करीत राहिल्या. आयुष्याची शेवटची दहा वर्षे लंडनच्या चेल्सी भागात त्या मजूर पक्षाच्या नगरसेविका होत्या. गिरणगावात पाहिलेले दारिद्र्य आणि ही राजकीय निवड यांचा संबंध त्यांनी कधी उघड जोडला की नाही, ते सोडून देऊ. मला तरी तो नैसर्गिक वाटतो.

१६ एप्रिल १९६४ रोजी, वयाच्या पंचाहत्तराव्या वर्षी, ल्यूसी विल्स यांचे निधन झाले. १० मे २०१९ रोजी, त्यांच्या १३१ व्या जन्मदिनी, गूगलने आपल्या मुखपृष्ठावर त्यांचे चित्र झळकवले तेव्हा अनेकांनी हे नाव प्रथमच ऐकले. परळची हाफकिन संस्था आजही आहे. तिच्या भोवतालच्या गिरण्यांची धुराडी बहुतेक पडली आणि जेथे सुताची खाती होती तेथे काचेच्या इमारती उभ्या राहिल्या. तळपदे आणि विल्स यांनी ज्यांच्या ताटातली भाजी मोजली, त्या बायांच्या नाती आणि पणत्या मुंबईबाहेर पांगल्या. काही कोनला आल्या.